व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची वीज जाते कोठे?

व्याख्यानमाला आणि ध्वनिवर्धक यांची सांगड आता इतकी पक्की झाली आहे की, कर्णा बोलेनासा झाला तर वक्त्याचेही बोलणे थांबते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याला केवळ छातीच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे लागत असे. पुढे विसाव्या शतकात हे काम एका पेटीने उचलले. त्या पेटीत काचेचे तांबूस दिवे मिणमिणत, पाठीमागून ऊब येई, आणि पेटी लावल्याबरोबर नव्हे तर अर्ध्याएक मिनिटाने आवाज येई. हीच व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरची पेटी. तिच्या जागी आता ट्रान्झिस्टर आले. तरी ती पेटी इतकी का तापे आणि इतकी वीज का खाई, हा प्रश्न आजही समजून घेण्याजोगा आहे. त्यातून यंत्राचा हिशेब कसा मांडावा हे कळते, आणि त्या हिशेबात माणूस कोठे बसतो हेही कळते.

आम्ही इंजिनीअर नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जे काही शिकलो ते उसन्या पुस्तकांतून आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून. पण चळवळीने एक सवय लावली. कोणताही ताळेबंद समोर आला की तीन प्रश्न विचारायचे : आत किती आले, बाहेर किती गेले, आणि मधले कोणाच्या पदरी पडले? या पेटीलाही आपण तेच तीन प्रश्न विचारू.

काचेच्या आत काय चालते?

पुष्कळांची समजूत अशी असते की, माणसाचा आवाज तारेतून पेटीत जातो आणि तेथे फुगून बाहेर येतो. तसे काही होत नाही. पोफळीच्या बागेत पाटाच्या तोंडाशी फळी असते. ती दोन बोटांनी वरखाली केली तरी पाटाचे सगळे पाणी कमीजास्त होते. पाणी काही आपल्या बोटांतून येत नाही, ते वरच्या बंधाऱ्यातून येते. अँप्लिफायरमध्ये वक्त्याचा आवाज फक्त फळी हलवितो. कर्ण्याला मिळणारी सगळी शक्ती विजेच्या तारेतून, नाही तर बॅटरीतून येते.

ही फळी विजेच्या प्रवाहात बसवायची कशी? १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी असा दिवा केला की ज्यातून वीज एकाच दिशेने वाहील. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात आणखी एक तार बसविली. पुढे तिचीच जाळी झाली, तिला ग्रिड म्हणतात. हीच ती फळी. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. मध्ये कॅथोड नावाची बारीक नळी, तिच्याभोवती जाळी, आणि सर्वांत बाहेर धातूची प्लेट. कॅथोड तापला म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्लेटीला शेकडो व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, म्हणून ते तिकडे धावतात. वाटेतल्या जाळीचा ऋण दाब थोडा कमीजास्त केला की त्यांची गर्दी कमीजास्त होते.

आता उष्णतेकडे वळू. या नळीत दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी उष्णता निर्माण होते, आणि हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे.

पहिली उष्णता कॅथोडची. धातूतले इलेक्ट्रॉन सहजासहजी बाहेर येत नाहीत. पाणी तापले की वाफ सुटते, तसे त्यांना तापवूनच बाहेर काढावे लागते. नुसती टंगस्टनची तार वापरली तर ती दोन हजार अंशांपलीकडे तापवावी लागते. बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या भस्माचा लेप दिला तर सातशे-आठशे अंशांवर काम भागते. आपल्याकडच्या रेडिओंत आणि अँप्लिफायरांत हेच लेपाचे कॅथोड असत. पेटी लावल्यावर थांबावे लागे ते कॅथोड तापेपर्यंत. ही उष्णता म्हणजे प्रवेशफी होय. कोणी बोलो वा न बोलो, ती द्यावीच लागते.

दुसरी उष्णता प्लेटीची. ३६० व्होल्टच्या दाबाने ओढलेला इलेक्ट्रॉन प्लेटीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ हजार किलोमीटर असतो. घणाखाली लोखंड तापते, तशी या माऱ्याने प्लेट तापते. आत हवा नसल्यामुळे फुंकर घालून ती निवविता येत नाही. उष्णता किरणांच्या रूपानेच काचेबाहेर पडते. म्हणून पुष्कळ व्हॉल्व्हच्या प्लेटी मुद्दाम काळ्या केलेल्या असतात, कारण काळा पृष्ठभाग उष्णता लवकर टाकतो. मोठ्या व्हॉल्व्हची काच दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापते. तिला हात लावला तर फोड येतोच.

आकड्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. सार्वजनिक सभांच्या पेट्यांत ६एल६ या व्हॉल्व्हची जोडी फार चाले. हा व्हॉल्व्ह अमेरिकेत १९३६ साली निघाला. आपण दोन ६एल६, आधीचे काम करणारे दोन लहान १२एएक्स७, आणि घरच्या उलटसुलट विजेची एकमार्गी वीज करणारा एक ५यू४, अशी पेटी घेऊ.

६एल६ चा हीटर ६.३ व्होल्टवर ०.९ अँपियर घेतो, म्हणजे सुमारे ५.७ वॅट. दोघांचे झाले ११.३. लहान व्हॉल्व्हचे प्रत्येकी १.९ प्रमाणे ३.८. एकटा ५यू४ मात्र ५ व्होल्टवर ३ अँपियर, म्हणजे १५ वॅट खातो. याप्रमाणे नुसती प्रवेशफीच ३० वॅटवर गेली आणि अजून सभेला सुरुवातही झालेली नाही.

पुढे प्लेटींचा खर्च. ३६० व्होल्टवर ही जोडी शांत बसलेली असताना ८८ मिलिअँपियर प्रवाह घेते. त्याचे सुमारे ३२ वॅट होतात, आणि स्क्रीन नावाच्या दुसऱ्या जाळीचा खर्च धरून ३३. ट्रान्सफॉर्मर, चोक आणि ५यू४ यांच्या अंगात जिरणारे पंधरा-सतरा वॅट मिळविले म्हणजे एकूण बेरीज ८० वॅटच्या आसपास येते. कर्ण्यातून मात्र अद्याप एक शब्द निघालेला नाही.

आता आवाज पुरा वाढवू. प्रवाह १३२ मिलिअँपियरवर जातो आणि पेटीचा एकूण खर्च शंभर वॅटच्या घरात पोचतो. व्हॉल्व्हकडून २६.५ वॅट आवाजाची वीज मिळते. बाहेर जाणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडी गळती होऊन कर्ण्याला बावीस-तेवीस वॅट पोचतात. म्हणजे रुपयातले साडेतीन-पावणेचार आणे. परंतु एवढा आवाज सतत कोणीच करीत नाही. बोलण्यात विराम असतात, चढउतार असतात. सरासरीने कर्ण्याला दोन-तीन वॅट गेले तरी खूप. म्हणजे ऐंशी वॅटमधले दोन-तीन कामाचे, बाकी सर्व ऊब.

कर्णाही मिळालेली सगळी वीज आवाजात बदलत नाही. चांगला कर्णा फार तर चौथा हिस्सा बदलतो. रेडिओतला कागदी स्पीकर शेकडा एक-दोन टक्क्यांवर समाधान मानतो. एवढेसे उरूनही सभा ऐकू कशी जाते? कारण आपला कान फार काटकसरी आहे. साध्या संभाषणातल्या आवाजाची शक्ती किती? एका वॅटचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा-वीस. तेव्हा अर्धा वॅट खरा आवाज म्हणजे एका आवाजाचे हजारो आवाज झाले.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. ही पेटी तापट असली तरी उधळी नव्हे. ८० वॅट आठ तास चालले तर ०.६४ युनिट होते. तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. आमच्याच तालुक्यात तुरळ-राजवाडीला जमिनीतून फुकट निघणारे गरम पाणी पाहिले म्हणजे हा आकडा क्षुल्लक वाटतो. स्वस्थ बसलेला एक श्रोताही अंगातून शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकीत असतो. मांडवात दोनशे माणसे बसली असतील, तर उकाड्याचा दोष पेटीला देता येणार नाही.

मौनात अधिक ताप

वरच्या आकड्यांत एक चमत्कार दडला आहे. पेटी शांत असताना प्लेटींना मिळणारे ३२ वॅट सगळेच्या सगळे उष्णता होतात. पुऱ्या आवाजात त्यांना साडेसत्तेचाळीस वॅट मिळतात, पण त्यातले साडेसव्वीस आवाज होऊन निघून जातात, आणि प्लेटींत उरतात २१. म्हणजे मौनात प्लेटी जास्त तापतात, भर आवाजात कमी!

हे समजण्यासाठी व्हॉल्व्ह कामाला लावण्याच्या तीन पद्धती पाहू. पहिली पद्धत ‘ए’ वर्गाची. यात व्हॉल्व्ह सदैव पुऱ्या हजेरीवर असतो. काम येवो न येवो, प्रवाह तेवढाच. घरगुती रेडिओतला एकटा ६व्ही६ असाच चाले. २५० व्होल्टवर ४५ मिलिअँपियर, म्हणजे सव्वाअकरा वॅट घेऊन जास्तीत जास्त साडेचार वॅट आवाज देई. दुसरी पद्धत ‘बी’ वर्गाची. यात दोन व्हॉल्व्ह पाळीपाळीने राबतात, आणि काम नसेल तेव्हा प्रवाह जवळजवळ शून्य.

कोकणातल्या घराघरांतून मुंबईच्या गिरण्यांत माणसे गेली, त्यामुळे बदली कामगार म्हणजे काय हे येथे समजावून सांगण्याची गरज नाही. रोज सकाळी दारावर हजर राहायचे, काम मिळाले तर दिवस भरला, नाही तर मोकळ्या हाताने परत. ‘बी’ वर्गाचा व्हॉल्व्ह हा असा बदली कामगार होय. धन्याचा खर्च वाचतो खरा. गणिताने पाहिले तर ‘ए’ वर्गात शेकडा ५० च्या वर आणि ‘बी’ वर्गात ७८ च्या वर काम निघूच शकत नाही. प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून कमीच निघते. पण बचतीलाही किंमत पडते. एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होते त्या सांध्यावर आवाज फाटतो, आणि हळू बोलण्यात ते विशेष जाणवते. म्हणून तिसरी, मधली पद्धत निघाली. तिला ‘एबी’ म्हणतात. मोठी करवत ओढणारे दोघे असतात, त्यातला एक ओढताना दुसरा हात अगदी सोडून देत नाही. तसे या पद्धतीत दोन्ही व्हॉल्व्हना काम नसतानाही थोडा प्रवाह चालू ठेवतात. आपल्या पेटीतले ते ८८ मिलिअँपियर म्हणजे हीच बसल्या जागची मजुरी. ती तोडली तर वीज वाचेल, पण काम बिघडेल. ज्यांनी कारखान्यात कामाच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

खांब नव्हते तेव्हा

आतापर्यंतचा हिशेब तारेच्या विजेचा झाला. कोयनेची वीज १९६२ सालापासून निघू लागली. तिचे पोफळीचे भूमिगत वीजघर आमच्या शेजारच्या चिपळूण तालुक्यात. पण डोंगर पोखरून काढलेली वीज मोठ्या तारांवरून दूर गेली, आणि आमच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांपर्यंत खांब पोचायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. तोवर शिमग्यातले नमन-खेळे, जत्रा आणि सभा यांना ध्वनिवर्धक हवा असला तर बॅटरी हाच आधार होता.

बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत हीटर सरळ बॅटरीवर पेटत. प्लेटींना लागणारा मोठा दाब मात्र व्हायब्रेटर नावाचे गुणगुणणारे यंत्र तयार करी. ते बॅटरीचा प्रवाह भराभर जोडी-तोडी आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. या उलाढालीत तिसरा हिस्सा तरी वाया जाई. आपल्याच पेटीचे गणित करू. ५यू४ वगळला, तर हीटरना १५ वॅट लागतात. प्लेटी व स्क्रीन यांना सरासरी ३८ वॅट धरले, तर व्हायब्रेटरची गळती धरून त्याचे ५८ होतात. एकूण ७३ वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ६ अँपियर. रात्री नऊला गण सुरू होऊन पहाटे पाचला खेळ संपला, तर आठ तासांत ४८ अँपियर-तास खर्ची पडले. ७५ अँपियर-तासांच्या बॅटरीचा दोन-तृतीयांश भाग एका रात्रीत गेला. दुसऱ्या रात्री खेळ असेल तर ती आधी भरून आणणे प्राप्त.

भरायची कोठे? जेथे वीज होती त्या पेठेत. अशा बॅटरीचे वजन वीस-पंचवीस किलो. आत शिसे आणि गंधकाचे आम्ल. डोक्यावर चुंबळ ठेवून, घाटी चढून, ओढा ओलांडून कोणा माणसालाच ती वाडीपर्यंत न्यावी लागे. आम्ल हिंदकळून अंगावर आले तर सदरा जळे आणि कातडीही. आता मघाचा हिशेब आठवावा. ओझ्यातल्या विजेचा फार थोडा भाग आवाज होई, बाकीची वाटेतच ऊब होऊन जाई. पोफळीला किंवा पेठेत ०.६४ युनिटाला काही किंमत नव्हती, वाडीवर मात्र तीच ऊब माणसाच्या डोक्यावरून चढत असे. उष्णतेची खरी किंमत वॅटवरून ठरत नाही. ती वीज तेथवर कोणी आणि कशी आणली, यावर ठरते.

उष्णतेची जपणूक

जुन्या पेट्या पुष्कळांच्या माळ्यावर आहेत. हौशी मंडळी त्या खाली काढून चालू करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे अवश्य आहे.

उष्णतेने सर्वांत आधी खराब होतात ते कंडेन्सर. कारागिरांचा आणि कारखानदारांचा एक ढोबळ नियम आहे : इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून पेटीच्या वर आणि मागे मोकळी जागा हवी. शोभेचे कापड, हार, प्लास्टिक यांनी जाळी झाकू नये. पेटी आडवी-उभी कशीही न ठेवता व्हॉल्व्ह उभे राहतील अशी ठेवावी. गरम हवा वर जाते, तिला वाट मिळाली पाहिजे.

कोकणात दमटपणा हा दुसरा वैरी. चालू पेटीची ऊब आतला ओलावा हटविते, हा तिचा एक गुणच. पण पावसाळाभर बंद राहिलेली पेटी एकदम पुऱ्या विजेवर लावू नये. कारागीर जुन्या पद्धतीचा तारेचा शंभर वॅटचा बल्ब मालिकेत जोडून ती लावतात. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत दोष आहे असे समजून बंद करतात.

अंधारात पाहताना प्लेटच लाल झालेली दिसली तर पेटी तत्काळ बंद करावी. आतला हीटर तांबूस दिसणे रास्त, प्लेट लाल होणे घातक. बहुधा जाळीला मिळणारा ऋण दाब गेलेला असतो आणि प्रवाह बेफाम झालेला असतो. कर्णा न जोडता आवाज वाढवू नये, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आत ३६० व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पेटी उघडणे म्हणजे जिवाशी खेळ. माहीतगारावाचून झाकण काढू नये, आणि अर्थिंगची तार तोडू नये.

व्हॉल्व्ह गेले, हिशेब राहिला

१९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर निघाला. बार्डीन, ब्रॅटेन आणि शॉकली यांना त्यासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरला कॅथोड तापवावा लागत नाही. प्रवेशफीच रद्द झाली. १९४६ साली अमेरिकेत दाखविलेल्या एनिॲक या गणकयंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. आज खिशातला फोन त्याहून कितीतरी अधिक गणित करतो आणि हाताला जेमतेम कोमट लागतो. अँप्लिफायरमध्येही आता ‘डी’ वर्ग आला आहे. त्यात ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडा असतो, नाही तर पूर्ण बंद. अर्धवट उघडे राहून तापणे नाही, त्यामुळे शंभरातले नव्वदपर्यंत वॅट कर्ण्याला पोचतात.

तरी व्हॉल्व्ह संपलेले नाहीत. विजेची गिटार वाजविणारे आणि जुन्या आवाजाचे शौकीन त्यांना सोडीत नाहीत. मायक्रोवेव्हच्या शेगडीतला मॅग्नेट्रॉन हा व्हॉल्व्हच. दवाखान्यातली एक्स-रेची नळीही त्याच कुळातली, आणि तिच्यात तर शंभरातले नव्व्याण्णव भाग उष्णता होऊन जातात.

नव्या पेट्या हलक्या झाल्या, बॅटरीचे ओझे कमी झाले, हे आम्ही मनापासून चांगले मानतो. पण यंत्राची बचत झाली म्हणजे माणसाला आपोआप न्याय मिळतो असे नाही. पेटी व्हॉल्व्हची असो वा ‘डी’ वर्गाची, तिच्याशी रात्रभर जागणारा माणूस लागतोच. तारा तोच ओढतो, कर्णा तोच झाडावर बांधतो, शिटी वाजू लागली की सगळे त्याच्याकडेच पाहतात. कार्यक्रमाच्या जमाखर्चात हार, श्रीफळ, मांडव, चहा यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. भाड्याच्या पेटीचीही रक्कम असते. त्या माणसाच्या जागरणाची मजुरी मात्र बहुधा पेटीच्या भाड्यातच बुडालेली असते, नाही तर ‘किरकोळ’ या सदरात दिसते.

आपण हीटरचे पावणेसहा वॅट वेगळे मोजले, प्लेटीचे बत्तीस वॅट वेगळे मोजले, ट्रान्सफॉर्मरची गळतीसुद्धा सोडली नाही. तेव्हा व्यवस्थापक मंडळींना आमची एवढीच विनंती आहे की, पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक करताना या माणसाच्या मजुरीची एक स्वतंत्र ओळ लिहावी, आणि कार्यक्रम संपल्यावर सर्वांत आधी तीच रक्कम चुकती करावी.